समुद्राचा वाटा आणि संस्थेची वही

स्वागताध्यक्ष महाशय, परिषदेचे कार्यवाह, व्यासपीठावरील मान्यवर, झाईपासून रेडीपर्यंतच्या बंदरांतून आलेले मच्छीमार सहकारी संस्थांचे अध्यक्ष, चिटणीस व संचालक बंधू, आणि नेहमीप्रमाणे मागच्या रांगांत बसवलेल्या भगिनींनो,

आपण मला या आसनावर बसवलेत याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझ्याहून विद्वान, माझ्याहून तरुण आणि माझ्याहून कमी भांडखोर अशी माणसे या सभागृहात पुष्कळ असता आपली नजर माझ्याकडे वळली, ती बहुधा माझ्या वयाकडे पाहून वळली असावी. आणि वयाचा एक फायदा असा की, मध्येच थांबवण्याचा संकोच ऐकणाऱ्याला वाटतो. तो फायदा आज मी घेणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अध्यक्षाने व्यवसायाचा सांवत्सरिक आढावा घ्यावा असा या परिषदेचा शिरस्ता आहे. त्याप्रमाणे मी टिपण केले होते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीविषयी त्यात एक परिच्छेद होता. पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणाऱ्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन-आदेशाविषयी, म्हणजे ४९४ परवाने २६२ वर आणि अखेरीस १८२ वर आणावेत अशा समितीच्या शिफारशीतून निघालेल्या त्या आदेशाविषयी, दोन परिच्छेद होते. एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करण्यावर केंद्राने २०१७ साली घातलेल्या बंदीचा उल्लेख होता. २०२३ साली पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून देण्यात आली, पापलेटास १३५ मिलिमीटर, बोंबलास १८०, घोळीस ७००, याबद्दल अभिनंदनाची चार वाक्येही लिहून ठेवली होती. परवा रात्री ते टिपण पुन्हा वाचले आणि मनात आले की, यांपैकी प्रत्येक उपाय काही ना काही मोजतो: कोणी महिने मोजतो, कोणी जाळी मोजतो, कोणी दिवे, कोणी पट्टी घेऊन माशाची लांबी. परंतु या बंदरात, या संस्थेने, या वर्षी समुद्रातून किती मासळी काढावी, किती काढली, आणि तिच्यातला कोणाचा वाटा किती, हे तीन प्रश्न त्या सबंध टिपणात कोठेही उद्भवत नव्हते. ते टिपण मी कार्यवाहांच्या स्वाधीन केले आहे. इतिवृत्तात छापावयाचे असल्यास त्यांनी खुशाल छापावे. मला दुसरेच बोलावयाचे आहे, आणि ते बोलावयाची संधी मी फार वर्षे शोधीत होतो.

माझी तक्रार अशी की, आपल्या मच्छीमार सहकारी संस्थांनी मासळीचा हिशेब सोडून दिला आणि डिझेलाचा हिशेब धरला.

यात कोणाची निंदा करण्याचा हेतू नाही. यांत्रिक होड्यांना लागणाऱ्या डिझेलावरील कराचा परतावा सरकार संस्थांच्या मार्फत देते; त्यासाठी दरवर्षी संस्थेकडून होड्या, इंजिने आणि परवाने यांचा तपशील मागवला जातो, त्यावरून संस्थेला डिझेलाचा कोटा मंजूर होतो, आणि तो कोटा संस्था आपल्या सभासदांत वाटते. योजना चांगल्या हेतूची आहे. ती नसती तर पुष्कळ लहान होड्या केव्हाच ओढून किनाऱ्यावर टाकाव्या लागल्या असत्या. परंतु तिचा परिणाम असा झाला की, आपल्या ओळखीचा एकमेव कोटा म्हणजे तेलाचा कोटा. आपण सहकाराच्या नावाखाली समाईकपणे जे वाटून घेतो ते समुद्राचे देणे नव्हे, ते समुद्रात जाण्याचे इंधन. कोणत्याही संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त उघडून पाहा. परताव्याची थकबाकी, कोट्याची वाटणी, पंपावरील मापातली तूट, यांवर पाने भरलेली आढळतील. आणि 'मासळी' हा शब्द बहुधा संस्थेच्या नावातच तेवढा आढळेल.

साखर कारखान्यांचा सहकार ज्यांनी उभा केला, त्या पिढीतल्या धनंजयराव गाडगीळांचे आणि वैकुंठभाई मेहतांचे नाव आपण प्रत्येक सभेत घेतो. त्या सहकाराचे गुणदोष काहीही असोत, पण तेथे सभासदाच्या उसाची नोंद होते, गाडी काट्यावर चढते, वजन वहीत पडते आणि त्या वजनावरून सभासदाचे नि कारखान्याचे नाते ठरते. कारखान्याने उसाचे वजन करणे बंद करून फक्त ट्रॅक्टरचे डिझेल वाटण्याचे काम पत्करले असते, तर त्याला साखर कारखाना कोणी म्हटले असते काय? आपणास मात्र मच्छीमार संस्था म्हणतात, आणि आपणही ते ऐकून घेतो.

आमच्या संस्थेतली एक हकीकत सांगतो. मी चिटणीस असताना कोट्याच्या यादीत एका होडीचे नाव दरवर्षी न चुकता येत असे. तिचा परवाना रीतसर नूतनीकरण झालेला, विम्याची पावती जोडलेली, दप्तरी सारे बेबाक. ती होडी खाडीकाठी वडाच्या झाडाखाली उपडी पडलेली होती. तिच्या तळाच्या दोन फळ्या कोणीतरी चुलीसाठी काढून नेल्या होत्या, त्या भगदाडातून शेजारच्या घरची कोंबडी आत जाऊन अंडी घालीत असे, आणि संध्याकाळी त्या घरची मुलगी आत हात घालून ती अंडी काढताना मी पाहिली आहे. ही होडी त्या वर्षी, कागदोपत्री, सबंध हंगामभर समुद्रात जाऊन डिझेल जाळीत होती. मी हे व्यवस्थापन समितीपुढे ठेवले. समितीतल्या एका अनुभवी संचालकाने अत्यंत शांतपणे विचारले, "ही होडी कमी केली तर कोटा कोणाचा कमी होईल?" संस्थेचा कमी होईल, असे मी म्हणालो. "मग ती पाण्यात आहे असेच समजा," असे ते म्हणाले, आणि विषय तहकूब झाला. त्याच बैठकीत नवी होडी बांधलेल्या एका तरुण तांडेलाचा अर्ज होता. परवान्यांची संख्या भरली असल्यामुळे शिफारस करता येत नाही, असा शेरा मारून तो परत गेला. उपडी होडी हयात आणि तरंगती होडी अजून जन्मायचीच, असा तो न्याय होता. ती समिती काही लबाडांची नव्हती. जे मोजले जाते तेच टिकवण्याकडे माणसाची बुद्धी धावते. आणि मोजले जात होते तेल.

आता आपल्यातल्या विद्वानांच्या वादाकडे येतो. काल दुपारच्या चर्चासत्रात एका प्राध्यापक मित्रांनी फार अभ्यासपूर्ण रीतीने असे मांडले की, वजनावर मर्यादा घालण्याची पद्धत थंड समुद्रांतल्या देशांना शोभते, कारण तेथे एका जाळ्यात एकाच जातीचा मासा येतो. आपल्या उष्ण समुद्रात एका डोळीत, म्हणजे खुंटांना बांधलेल्या एका जाळ्यात, बोंबील, करंदी, जवळा, मांदेली आणि आणखी कितीतरी जाती एकत्र येतात, तेव्हा कोट्याची भाषा येथे व्यर्थ आहे. शिवाय न्यू फाउंडलंडच्या कॉड माशाचे उदाहरण त्यांनी दिले: तेथे वजनाच्या मर्यादा होत्या, शास्त्रज्ञ होते, आणि तरीही १९९२ साली ती मासेमारीच बंद करण्याची पाळी आली. प्राध्यापकमहाशयांची माहिती बिनचूक आहे. त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचे कारण मी त्यांना पुस्तकातून देऊ शकत नाही. ते आमच्या वजनकाट्यावर घडले.

एका वर्षी हंगामाच्या अखेरीस पापलेटांची पिल्ले मोठ्या प्रमाणात येऊ लागली. तळहातावर दोन मावतील एवढी. वागरा जाळी लावणारे डोळवाल्यांना दोष देत, डोळवाले ट्रॉलरवाल्यांना, आणि ट्रॉलरवाले नशिबाला. त्या दिवसांत आमची संस्था सभासदांची पापलेटे स्वतः विकत घेत असे व पुढे व्यापाऱ्यांना विकत असे. सर्वसाधारण सभेत रात्री उशिरापर्यंत कडाक्याचे भांडण होऊन शेवटी ठराव झाला की, संस्थेचा काटा हाताच्या पंजापेक्षा लहान पापलेट तोलणार नाही. बस, एवढाच ठराव. समुद्रात कोणावर पहारा नाही, गस्तीची नौका नाही, दंड नाही. दुसऱ्या दिवशी काट्यावर बसलेल्या आमच्या कारकुनाने पाटीतली लहान पापलेटे एकेक करून बाजूला काढली, उरलेल्यांचे वजन जांभळ्या पेन्सिलीने पावतीवर लिहिले, आणि बर्फाच्या पाण्याने भिजलेली ती पावती नाखव्याच्या हाती दिली. नाखवा संतापला. "होरी माझी, जालं माझं, दर्या काय संस्थेच्या बापाचा हाय?" असे तो म्हणाला, कारकुनाने मान वर केली नाही. आठवडा गेला नाही तोच डोळीचे खलाशी पिल्लांचा थवा येतो ती जागा टाळू लागले, कारण ज्या मासळीची पावती मिळत नाही तिच्यासाठी जाळे भरण्यात कोणालाच रस नव्हता. अठरा जातींचा हिशेब आम्ही ठेवला नाही. एकाच जातीचा ठेवला, आणि तो समुद्रावर न ठेवता काट्यावर ठेवला.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. बंदराच्या फाटकाबाहेर एका खाजगी व्यापाऱ्याचा टेम्पो उभा राहू लागला. तो लहान पापलेटे घेई, रोख पैसे देई, आणि पावती मागत नसे व देतही नसे. प्रथम एक पाटी तिकडे गेली, मग दहा गेल्या. मग त्या व्यापाऱ्याने हंगामापूर्वी उचल द्यावयास सुरुवात केली, आणि ज्याची उचल त्याला मासळी, या न्यायाने मोठी पापलेटेही फाटकाबाहेर जाऊ लागली. संस्थेची आवक-वही, जिच्यात तारीख, होडी, जात, वजन आणि दर ही पाच सदरे एकेकाळी रोज भरत असत, ती हळूहळू रिकामी पडत गेली आणि एका वर्षी लेखापरीक्षकाच्या सूचनेवरून बंदच झाली, कारण जिच्यातून कमिशन येत नाही ती वही कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले. माझ्या मते आमची संस्था त्या दिवशी बंद झाली. आता उरला आहे तो पंप.

तेव्हा उष्ण समुद्रात कोटा चालत नाही हे खरे नव्हे. काटा दुसऱ्याच्या हाती असला तर कोणत्याही समुद्रात तो चालणार नाही. सरकारने १३५ मिलिमीटरची मर्यादा घातली, उत्तम केले. पण ती पट्टी घेऊन उभे कोणी राहावयाचे? एका निरीक्षकाच्या वाट्यास किती बंदरे येतात हे त्या बिचाऱ्या निरीक्षकालाच विचारा. ते काम संस्थेच्या काट्याचे आहे.

दुसरा वाद वाटपाचा. कोटा ठरलाच तर तो कोणत्या आधारावर वाटावा? होडीमागे समान वाटावा, इंजिनाच्या अश्वशक्तीवरून वाटावा, की मागील तीन-चार वर्षांत ज्याने जितकी मासळी धरली त्या प्रमाणात वाटावा? हा तिसरा पक्ष सध्या तरुण मंडळींत लोकप्रिय आहे, कारण परदेशांत तोच पुष्कळ ठिकाणी स्वीकारला गेला. त्या तरुणांना मी एवढेच विचारतो: आमच्या बंदरात पंजाचा ठराव ज्या तांडेलांनी शेवटपर्यंत पाळला, फाटकाबाहेर एक पाटीही नेली नाही, त्यांच्या नावासमोर त्या वर्षांत वजन सर्वांत कमी आहे. ज्यांनी पिल्ले उपसली त्यांचे वजन भरपूर. 'मागील मासेमारी' हा आधार धरला तर पहिल्याला शिक्षा आणि दुसऱ्याला इनाम मिळते, तेही कायमचे, वंशपरंपरेने. ज्याने गायरान अधिक चरवले त्याच्याच नावावर गायरानाचा सातबारा करून द्यावा, असा हा प्रकार आहे. माझ्यापुरता हा वाद मिटला आहे.

तिसरा वाद सर्वांत मोठा, आणि यावर मी थोडा रेंगाळणार आहे. परवाना किंवा वाटा विकता यावा की नाही? अर्थशास्त्र शिकलेली मंडळी म्हणतात, यावा. म्हणजे तो कुशल माणसाच्या हाती जाईल. आइसलंडने १९८४ साली होडीवार कोटे दिले व १९९० च्या कायद्याने ते खुलेपणाने विकण्याची मोकळीक दिली. त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात मासळी ही राष्ट्राची समाईक मालमत्ता आहे असे लिहिलेले आहे, आणि प्रत्यक्षात कोटे थोड्या मोठ्या कंपन्यांकडे गोळा होत गेले, लहान गावांच्या धक्क्यांवरची होडी गेली तशी तिथली मासळीही गेली. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने त्या व्यवस्थेत समतेचा भंग होतो असा निर्णय दिला. जपानने मात्र १९४९ च्या मत्स्य-कायद्यात किनारी मासेमारीचा हक्क गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्याच नावे दिला. तो भाड्याने देता येत नाही. तेथे सुरुगा उपसागरात साकुराएबी नावाची बारीक गुलाबी कोळंबी धरणाऱ्या होड्या विक्रीची सगळी रक्कम एका ठिकाणी आणून वाटून घेतात, त्यामुळे शर्यत लावण्यात कोणाचाच फायदा राहत नाही. अलास्कात १९९२ साली पोलॉक माशाच्या ठरावीक मर्यादेतला साडेसात टक्के वाटा बेरिंग समुद्राकाठच्या वस्त्यांच्या नावे राखून ठेवण्यात आला. म्हणजे दोन्ही मार्ग जगात चालून पाहिलेले आहेत. आपण कोणत्या मार्गाने जात आहोत हे मात्र आपल्यालाच ठाऊक नाही, कारण आपल्या कायद्यात परवाना विकता येत नसला तरी आपल्या बंदरांत तो रोज विकला जातो.

संस्थेच्या कार्यालयात एके दिवशी एक बाई आल्या. त्यांचे यजमान वादळात गेले होते, मुले लहान होती, होडी दुरुस्तीस आलेली. दुसऱ्या बंदरातल्या एका व्यापाऱ्याने त्यांच्याकडून मुद्रांकावर कुलमुखत्यारपत्र करून घेतले, काही रक्कम दिली, आणि महिन्याला थोडे पैसे पाठवण्याचा वायदा केला. जुनी होडी त्याने मोडीत घातली, परवाना तेवढा ठेवला. आणि त्या परवान्याचा क्रमांक रंगवून एक दुप्पट लांबीची, चौपट ताकदीची होडी दुसरीकडे समुद्रात उतरली. बाईंना हे माहीत नव्हते. त्यांना कळले ते नोटीस आल्यावर. त्यांच्या होडीने बंदी असलेल्या क्षेत्रात मासेमारी केली, सबब दंड का करू नये याचा खुलासा मुदतीत करावा, अशी ती नोटीस होती. त्यांनी तो लखोटा माझ्या टेबलावर ठेवला. चार घड्या घालून पदरात धरून आणल्यामुळे कागद घामाने मऊ पडला होता. "काका," त्या म्हणाल्या, "नाव माझं हाय, पन ही होरी कुनाची?"

मी तो खुलासा लिहून दिला. काय लिहिले ते सांगत बसत नाही; दंड माफ होण्यास दोन वर्षे लागली आणि महिन्याचे पैसे तेवढ्यात थांबले होते. त्या बाई संस्थेच्या सभासद नव्हत्या, होऊ शकतही नव्हत्या, कारण प्रत्यक्ष समुद्रात जाणारा तोच क्रियाशील सभासद असा आमचा उपविधी. भाऊच्या धक्क्यावर पहाटे तीनला जाऊन मासळी लिलावात उचलणारी, टोपली घेऊन गावोगाव फिरणारी, आणि जिच्या विक्रीवर होडीचे हप्ते फिटतात ती बाई त्या व्याख्येप्रमाणे निष्क्रिय. (मागच्या रांगेतल्या भगिनी हसत आहेत; हसण्यासारखेच आहे.) या परिषदेत परवान्यांच्या हस्तांतरणावर निबंध वाचले जातात तेव्हा मला तो मऊ पडलेला कागद दिसतो. परवाना व्यक्तीच्या नावाने राहील तोवर तो विकला जाईल. उघडपणे नाही तर कुलमुखत्यारपत्राने. तो संस्थेच्या नावाने असावा. सभासद जोवर समुद्रात जातो तोवर त्याला तो वापरावयास मिळावा. तो थांबला, वारला किंवा गाव सोडून गेला की परवाना संस्थेकडे परत यावा, आणि घरच्या मंडळींना होडीच्या वाट्यातून ठरावीक भाग संस्थेने द्यावा. दक्षिणेकडच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाच्या जाळ्यात, आजही जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्याचा वाटा असे वाटे ठरलेले असतात. त्यांत एक आणखी वाटा घालणे अशक्य नाही.

कोणी म्हणेल, हे सारे स्वप्नाळू आहे; व्यक्तीची मालकी असल्याखेरीज माणूस काळजी घेत नाही. डोळीच्या कवींचा, म्हणजे खुंट मारण्याच्या ठरलेल्या जागांचा, इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी असे म्हणू नये. आमच्या लहानपणी डोळीचे खुंट कोठे मारावयाचे हे ठरलेले असे. देवळाचा कळस अमुक डोंगराच्या खांद्यावर आला, आणि दुसऱ्या बाजूला ताडाची जोडी एका रेषेत आली, म्हणजे ती जागा अमक्याच्या घराण्याची. खोली वावांत मोजत, उधाण-भांग पाहून जाळे टाकत. जागा त्या घराण्याची वहिवाट. परंतु ती गावाबाहेरच्या माणसाला विकण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे, आणि कोणाच्या आलाच तर जमातीचे पंच त्याला ताळ्यावर आणीत. हा एक प्रकारचा कोटाच होता. त्याला कोणी कोटा म्हणत नसे, आणि त्याची नोंद सरकारदरबारी कोठेही नव्हती. त्यामुळेच १९८१ चा आपला सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला तेव्हा त्याने होडीला परवाना दिला, जाळ्याला मर्यादा घातली, आणि कवीबद्दल तो मुका राहिला. आज पालघर-डहाणूकडील बांधव आणि वसई-उत्तनकडील बांधव यांच्यात कवींचा जो तंटा चालला आहे, तो दोन्ही बाजूंच्या भल्या माणसांचा तंटा आहे. पण त्यांच्या हातात दाखवण्यासारखा दस्तऐवज नाही, आणि कळस व डोंगर हे पुरावे कोर्टात हजर करता येत नाहीत.

त्या पंचांचे मी गोडवे गात नाही. त्यांच्या बैठकीत बायकांना जागा नव्हती, गरीब खलाशाचे तोंड तेथे फारसे उघडत नसे, आणि पंचांच्या स्वतःच्या घराण्याच्या कवी बहुधा सर्वांत चांगल्या जागी निघत. तरीही त्यांना एक गोष्ट माहीत होती, जी आम्ही हरवली: समुद्राचा तुकडा हा गावाचा असतो आणि माणसाला तो वापरावयास मिळतो. माझ्या वडिलांनी मला तो कळस आणि तो डोंगर दाखवला होता. ते आता दिसत नाहीत. मध्ये उंच इमारती आल्या आहेत.

पर्ससीन आणि पारंपरिक यांच्या झगड्यावर माझे मत विचारले जाईल म्हणून आत्ताच सांगून टाकतो. सिंधुदुर्गातल्या रापणवाल्यांचा संताप मला पूर्णपणे समजतो, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. परंतु १८२ परवाने राहावेत की २६२, यावर आपण वर्षानुवर्षे भांडत बसलो, त्यात हा प्रश्न कोणी विचारला नाही की, त्या प्रत्येक परवान्यामागे किती टन बांगडा आणि तारली निघते. परवाने अर्धे करून जाळी दुप्पट केली तर समुद्राला काय लाभ? सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत किती निघाले ते कोणत्या वहीत लिहिले आहे? ती वही मला दाखवा. मी माझे मत बदलीन. संख्येवर भांडणे सोपे असते, कारण होड्या धक्क्याला लागलेल्या असतात आणि मोजता येतात.

आणि बारा सागरी मैलांपलीकडे तर आपल्याला अधिकारच नाही, असे काही मित्र म्हणतात. खरे आहे, संविधानाच्या सातव्या अनुसूचीत किनाऱ्याजवळची मासेमारी राज्याच्या सूचीत आणि प्रादेशिक जलधीपलीकडील संघाच्या सूचीत आहे. पण नव्वदीच्या दशकात परदेशी जहाजांना खोल समुद्राचे परवाने वाटले गेले तेव्हा ते मुरारी समितीच्या शिफारशीने थांबले, त्यामागे देशभरच्या मच्छीमारांचे आंदोलन होते, एखाद्या सूचीतील नोंद नव्हती. आपले ऐकले जात नाही असे नाही. आपण काय म्हणावे हे आपले ठरलेले नसते.

आता काही कामे सुचवावयाची, अशी अध्यक्षाकडून अपेक्षा असते. एक समिती नेमावी. तिने परवाना संस्थेच्या नावे देण्याचा एक मसुदा तयार करावा, त्यात कायद्यात कोठे दुरुस्ती लागेल हे जाणकारांनी पाहावे. कवींच्या खुणांची नोंद जुनी माणसे हयात आहेत तोवर करून घ्यावी; ती कशी करावी, कागदावर की नव्या यंत्रांनी, हे तरुणांनी ठरवावे. आवक-वही पुन्हा सुरू करावी, निदान चार-पाच संस्थांनी, निदान पापलेट आणि घोळ या दोन जातींची. उचलीच्या जाचातून नाखव्याला सोडवण्यासाठी भांडवल कोठून आणावयाचे, हा प्रश्न या सर्वांच्या मुळाशी आहे, आणि त्यावर वेळेअभावी आज मी बोलत नाही. क्रियाशील सभासदाची व्याख्या बदलण्याविषयीचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. त्याला अनुमोदन देण्यासाठी मागच्या रांगेतून कोणी पुढे येत असतील तर कार्यवाहांनी वाट करून द्यावी.

शेवटी कार्यवाहांना एक विनंती. विषयपत्रिकेत डिझेलाच्या परताव्याचा ठराव पहिला आहे आणि आवक-वहीचा सातवा. कृपा करून यांची अदलाबदल करावी. परताव्याचा ठराव आधी घेतला की तो मंजूर होताच निम्मे प्रतिनिधी गाडी पकडण्यासाठी निघून जातात, आणि उरलेले जेवणानंतर परत येत नाहीत, हा माझा कित्येक परिषदांचा अनुभव आहे.